न्यूझीलंडचे लोणी आणि आपली साखर

आपल्या बेटावर सकाळच्या चहात जी दुधाची पावडर पडते, तिच्या डब्यावर पुष्कळदा न्यूझीलंडचे नाव असते. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना दारच्या गाईचे दूध अजून आठवते. तरुणांना डबाच ठाऊक. आमचीही न्यूझीलंडशी ओळख त्या डब्यापुरती आणि फार तर क्रिकेटपुरती होती. मध्यंतरी ऑकलंडला आप्तांकडे काही आठवडे राहण्याचा योग आला. तेथे जे पाहिले आणि वाचले त्यावरून एक गोष्ट मनात पक्की झाली, ती वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. गाय आणि ऊस यांचा वरकरणी काही संबंध नसला, तरी न्यूझीलंडच्या दूधवाल्याचे आणि आपल्या ऊसवाल्याचे नशीब एकाच गाठीने बांधलेले होते. ती गाठ लंडनमध्ये मारली गेली आणि ब्रसेल्समध्ये सुटली.

१८८२ साली ‘डनीडिन’ नावाचे शिडाचे जहाज गोठवलेले मांस घेऊन न्यूझीलंडहून लंडनला पोचले. मांस न नासता अर्धे जग ओलांडू शकते हे त्या एका सफरीने दाखवले. तेव्हापासून तो देश म्हणजे ब्रिटनचे दूरचे कुरणच झाला. आपण साहेबाच्या चहात साखर घालावी, त्यांनी त्याच्या पावाला लोणी लावावे, असा तो व्यवहार होता. १९३२ च्या ओटावा करारांनी साम्राज्यातील मालाला जकातीत सवलत मिळाली आणि ही घडी अधिकच घट्ट बसली. १९५० मध्येदेखील न्यूझीलंडच्या निर्यातीपैकी सुमारे दोन-तृतीयांश माल एकट्या ब्रिटनला जात होता. एकाच गिऱ्हाइकावर चालणारे दुकान किती नाजूक असते, हे ऊस पिकवणाऱ्या घरांना वेगळे सांगायला नको.

ते गिऱ्हाईक १९६१ साली शेजारच्या पंक्तीला जाऊन बसायला निघाले. ब्रिटनने युरोपीय सामायिक बाजारपेठेत प्रवेशासाठी अर्ज केला. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६३ मध्ये आणि पुन्हा १९६७ मध्ये त्याला नकार दिला. शेवटी १ जानेवारी १९७३ ला ब्रिटन आत गेला, आणि त्याच दिवशी डेन्मार्क व आयर्लंड हेही आत गेले. हे दोन्ही देश लोण्याचे व्यापारी! म्हणजे न्यूझीलंडचे प्रतिस्पर्धी दाराच्या आत आणि न्यूझीलंड मात्र बाहेर, अशी अवस्था झाली.

अशा गटांचे वर्म येथेच आहे. गटातील देश एकमेकांच्या मालावर जकात घेत नाहीत आणि बाहेरच्या मालावर सर्वांची मिळून एकच भिंत उभी करतात. भिंतीच्या आत व्यापार वाढतो, यात शंका नाही. परंतु तो वाढतो त्यातला काही भाग दुसऱ्याच्या ताटातून ओढून घेतलेला असतो. जेकब व्हायनर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९५० मध्येच हा भेद दाखवून दिला होता. गटामुळे नवा व्यापार जन्माला येतो तो एक प्रकार, आणि स्वस्त विकणाऱ्या परक्याकडचा व्यापार महाग विकणाऱ्या सोबत्याकडे वळतो तो दुसरा. ब्रिटिश गृहिणी स्वस्त न्यूझीलंडी लोणी सोडून महाग युरोपीय लोणी घेऊ लागली, यात दूधवाल्याचा काय दोष? त्याच्या गाई तेवढेच दूध देत होत्या, गवतही तेवढेच हिरवे होते. नकाशावर दुसऱ्याने ओढलेल्या एका रेघेने त्याचे गिऱ्हाईक नेले.

तरीही न्यूझीलंड बुडाला नाही. त्या वेळचे उपपंतप्रधान जॉन मार्शल वर्षानुवर्षे लंडन, पॅरिस, ब्रसेल्स अशा फेऱ्या मारत राहिले. जून १९७१ मध्ये लक्झेंबर्ग येथे त्यांनी अशी तडजोड मिळवली की, ब्रिटनच्या प्रवेशानंतर पाच वर्षे न्यूझीलंडचे लोणी व चीज ठरलेल्या प्रमाणात, दरसाल थोडे थोडे कमी करत, ब्रिटनला जाऊ द्यावे. प्रवेशकराराला जोडलेला अठरावा मसुदा तो हाच. चीजची सवलत १९७७ अखेर संपली. लोण्याची मात्र पुढे अनेकदा वाढवून घेण्यात आली.

आमच्या मते मार्शल यांनी लोण्यापेक्षाही वेळ मिळवला, आणि त्याचेच मोल जास्त होते. १९६१ ची पहिली घंटा वाजली तेव्हापासूनच तेथील लोक हलू लागले होते. १९७० पर्यंत ब्रिटनचा वाटा सुमारे एक-तृतीयांशावर आला होता. जपान, अमेरिका, आग्नेय आशिया, इराण, रशिया, जेथे म्हणून दार किलकिले दिसेल तेथे त्यांनी आपला माल नेला. हे सारे सुखासुखी झाले असे मात्र कोणी समजू नये. तेलाच्या किमती कडाडल्या, कर्ज वाढले, आणि १९८४ नंतर सरकारने शेतीची अनुदाने एका फटक्यात काढून घेतली तेव्हा कित्येक कुटुंबांनी पिढीजात जमिनी विकल्या. आज तो देश मुक्त व्यापाराचा पाठ जगाला शिकवतो तेव्हा ही मधली पाने तो जरा भरभर उलटतो, असे आम्हांस वाटते.

दुसरीही एक गोष्ट विसरता येत नाही. मार्शल यांना युरोपने दाद दिली ती केवळ त्यांच्या वकिलीमुळे नव्हे. दोन महायुद्धांत न्यूझीलंडची मुले ब्रिटनच्या बाजूने लढली होती, घराघरांत रक्ताची नाती होती, आणि न्यूझीलंडला वाऱ्यावर सोडले तर मतदारांना तोंड दाखवणे लंडनच्या सरकारला जड गेले असते. छोट्या देशाला सवलत मिळते ती न्यायाने कमी आणि कोणाच्या तरी भिडेने अधिक.

इकडे युरोपात भिंतीच्या आत दूध-लोण्याचे ढीग साठत होते. याच ढिगांचा एक हिस्सा हिंदुस्थानात पोचला, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच असे नाही. १९७० मध्ये सुरू झालेल्या दूधमहापूर योजनेला जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत १,२६,००० टन स्निग्धांशरहित दूध पावडर आणि ४२,००० टन बटर ऑइल देणगी म्हणून देण्याचे ठरले होते. फुकटचे दूध बाजारात ओतले असते तर आणंदच्या गुजराती शेतकऱ्याचा आणि सांगली-कोल्हापूरच्या मराठी शेतकऱ्याचा भाव मातीमोल झाला असता. वर्गीस कुरियन यांनी ते फुकट वाटू दिले नाही. पावडरीचे दूध करून ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास येथे रास्त भावाने विकले आणि तो पैसा दूधसंघ उभारण्यास लावला. परक्याची मेहेरबानी आज आहे, उद्या नाही, हे त्या माणसाने पहिल्या दिवसापासून धरून चालले होते.

आता आपल्या साखरेकडे वळू. ब्रिटन युरोपात गेला तेव्हा आपल्याही पायाखालची जमीन हलली होती. १९५१ च्या राष्ट्रकुल साखर कराराचे पुढे काय, हा प्रश्न पोर्ट लुईपासून फिजीतील लौटोकापर्यंत सर्वांना पडला. त्याचे उत्तर २८ फेब्रुवारी १९७५ ला टोगोतील लोमे शहरी मिळाले. आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधील ४६ देशांनी एकत्र बसून युरोपशी करार केला आणि त्याला साखरेचा स्वतंत्र मसुदा जोडला गेला. ठरलेली साखर ठरलेल्या भावाने अनिश्चित काळापर्यंत विकत घेण्याचे युरोपने कबूल केले. सर्व देशांची मिळून सुमारे १३ लक्ष टन साखर त्यात होती, आणि त्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक वाटा एकट्या मॉरिशसचा होता. पुढे कित्येक वर्षे जागतिक बाजाराच्या दुप्पट-तिप्पट भाव आपल्याला मिळाला. त्या पैशावर आपल्या मुलांनी शाळा-कॉलेजे पाहिली, पत्र्याच्या घरांवर काँक्रीटचे छप्पर आले, आणि कोठीवर राबणाऱ्यांच्या मुली कापडाच्या कारखान्यांतून पगार आणू लागल्या.

‘अनिश्चित काळ’ या शब्दांचा अर्थ आपण ‘सदैव’ असा लावला. युरोपने तो अक्षरशः घेतला. ब्राझील, ऑस्ट्रेलिया व थायलंड यांनी युरोपच्या साखर-अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि २००५ मध्ये ती जिंकली. युरोपने साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्के उतरवला, २००७ मध्ये मसुदा मोडीत काढण्याची नोटीस दिली, आणि ३० सप्टेंबर २००९ ला तो संपला. आधी एक महिना, ऑगस्ट २००९ मध्ये, आपल्याच ग्रां-बे येथे युरोपशी नवा अंतरिम करार झाला होता. त्याने दार उघडे राहिले, भावाची हमी गेली. १९७० च्या दशकात आपल्या बेटावर वीसच्या आसपास साखर कारखाने धूर सोडत होते. आज तीन उरले आहेत. पश्चिमेकडील मेदीनचा कारखानाही बंद झाला, ज्याच्या मळ्यांत कास्कावेल आणि बांबूकडच्या कितीतरी मराठी घरांच्या पिढ्या राबल्या. लहान बागाइतदारांनी शेते पडीक टाकली, ती आपण रस्त्याने जाता-येता पाहतोच.

असे असूनही फिजीच्या मानाने आपण सावरलो. तेथील ऊसवालेही आपल्यासारखेच गिरमिटियांचे वंशज. १९९७ पासून त्यांच्या जमिनींचे पट्टे संपू लागले आणि कित्येकांना ऊस सोडावा लागला. भाव घसरत असताना, डिसेंबर २००६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि युरोपने साखर-सुधारणेसाठी ठेवलेला पैसा रोखून धरला. आपल्याला तो पैसा मिळाला. त्यातून आपण पांढरी साखर शुद्ध करू लागलो, खास प्रकारच्या तांबड्या साखरेला गिऱ्हाईक शोधले, उसाच्या चोथ्यापासून वीज केली. एकच मसुदा, एकच युरोप, पण दोन बेटांची गत निराळी.

हा सारा इतिहास मनात घेऊन आम्ही ऑकलंडच्या दक्षिणेस ओटारा येथील शनिवारच्या बाजारात गेलो. अळूच्या कंदांचे ढीग, नारळ, कसावा, रंगीत चटया, आणि टोंगा, सामोआ, फिजी येथील माणसे. बाजारपेठ म्हणून पाहाल तर मन प्रसन्न होते. परंतु या बेटांच्या व्यापाराची हकीकत विचारली की लोण्याचीच कथा उलट्या अंगाने ऐकू येते. जो देश १९७३ मध्ये दाराबाहेर उभा होता, तोच आता दुसऱ्या दाराचा राखणदार आहे.

जुलै १९८० मध्ये किरिबातीतील तारावा येथे एक करार झाला. पॅसिफिकच्या बेटांचा माल ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांनी जकातीशिवाय घ्यावा, आणि बदल्यात बेटांनी काही सोडू नये, असे त्यात होते. करार उदार होता, यात वाद नाही. फिजीत त्याच्या जोरावर शिवणकामाचे कारखाने भराभर उभे राहिले. पण मालात ५० टक्के मूल्य त्या भागातलेच असले पाहिजे अशी अट होती, आणि कापड पिकवायला फिजीत कापूस कोठला? शिवाय १ जानेवारी १९८३ पासून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड यांनी आपसांत घनिष्ठ आर्थिक करार अमलात आणला, १९९० पर्यंत आपसांतील मालावरची जकात पूर्ण काढली, आणि पुढे बाहेरच्या जगासाठीही जकाती उतरवत नेल्या. सर्वांनाच दार उघडले की ज्याला आधी एकट्याला उघडे होते त्याची सवलत आपोआप विरघळते. कोणी करार मोडला नाही, कोणी फसवले नाही, आणि तरीही फिजीचे कारखाने ओस पडले. कुक बेटांच्या संत्र्यांचा रस एके काळी न्यूझीलंडच्या घराघरांत जात असे. संरक्षण सुटल्यावर तोही धंदा गेला.

सामोआची कहाणी आम्हांला अधिक चटका लावून गेली. यझाकी या जपानी कंपनीने १९९१ मध्ये मोटारींच्या तारांचे संच बनवण्याचे काम त्या बेटावर आणले. ते संच ऑस्ट्रेलियाच्या मोटार-कारखान्यांना जात. पाहता पाहता ती कंपनी सामोआत सर्वांत जास्त लोकांना काम देणारी खाजगी कंपनी झाली. मग ऑस्ट्रेलियानेच मोटारी बनवणे सोडले आणि २०१७ मध्ये सामोआतील कारखान्याला टाळे लागले. कराराचा कागद मात्र तसाच्या तसा शाबूत होता.

त्याच वर्षी, १४ जून २०१७ ला, टोंगाच्या राजधानीत नव्या करारावर सह्या झाल्या आणि १३ डिसेंबर २०२० पासून तो अमलात आला. त्याला ‘पेसर प्लस’ म्हणतात. यात बेटांनाही हळूहळू आपल्या जकाती उतरवाव्या लागतात. फिजी आणि पापुआ न्यू गिनी, म्हणजे बेटांतील दोन मोठी बाजारपेठा, यांनी सही केली नाही. त्यांना दोष देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. लहान देशाच्या तिजोरीत बंदरावरील जकात हा मोठा आधार असतो. तो काढून घ्यायचा तर पर्यायी कर बसवावा लागतो, आणि तो कर शेवटी दुकानातल्या पावावर बसतो. उलट बेटांना मनापासून जे हवे होते, म्हणजे आपल्या माणसांना कामासाठी तिकडे जाण्याची मोकळीक, ते मूळ करारात बंधनकारक झालेच नाही. बाजूच्या कागदावर राहिले.

माणसे जातात ती वेगळ्या वाटेने. २००७ पासून न्यूझीलंडने हंगामी मजुरांची योजना चालवली आहे. वानुआतू, सामोआ, टोंगा येथील तरुण सफरचंदाच्या आणि द्राक्षांच्या मळ्यांत काही महिने काम करून घरी परततात, पैसा घेऊन परततात. त्या पैशाने गावात घरे होतात हे खरे. ही गिरमिट नव्हे. तसे म्हणणे आपल्या पणजोबांवर अन्याय होईल. तरीही ज्यांच्या रक्तात मुंबईहून निघालेल्या जहाजाची आठवण आहे, त्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहतोच. ज्या बेटाचा माल खपत नाही त्याला शेवटी माणसेच पाठवावी लागतात काय?

आता नियतीची गंमत पहा. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला आणि नवे सोबती शोधू लागला. पॅसिफिकच्या काठावरील देशांचा एक मोठा व्यापारगट आहे. त्याची मुळे न्यूझीलंड, सिंगापूर, चिली व ब्रुनेई यांच्या २००५ च्या करारात आहेत, आणि त्याची मूळ कागदपत्रे सांभाळण्याचे काम न्यूझीलंडकडेच आहे. १६ जुलै २०२३ ला ब्रिटनच्या मंत्र्यांनी त्या गटात प्रवेश मिळवण्यासाठी सही केली, ती ऑकलंडमध्ये. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी जे घर सोडून गेले होते, ते ओटीवर येऊन बसले. याआधीच, ३१ मे २०२३ पासून, दोन्ही देशांचा स्वतंत्र करारही लागू झाला होता आणि लोण्याला ब्रिटनचे दार पुन्हा उघडू लागले होते. न्यूझीलंडने तोवर चीनशी २००८ मध्येच करार करून आपली दुसरी बाजू भक्कम केली होती. ब्रिटन परतला नसता तरी त्याचे अडले नसते, म्हणूनच त्याला बरोबरीने बोलता आले.

आणि महाराष्ट्र? येथे आमची स्वतःची थोडी अडचण होते, ती लपवण्यात अर्थ नाही. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉक येथे हिंदुस्थान आशियाच्या विशाल व्यापारगटातून बाजूला झाला. त्याचे एक मोठे कारण दूध होते. न्यूझीलंड आपल्या दुधापैकी सुमारे ९५ टक्के परदेशी विकतो. त्याच्यासमोर दोन-तीन जनावरे पोसणारी कोल्हापूरची बाई कशी टिकणार, असा प्रश्न होता. पुढे मार्च २०२५ मध्ये हिंदुस्थान व न्यूझीलंड यांची स्वतंत्र बोलणी सुरू झाली आणि २२ डिसेंबर २०२५ ला ती पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा दूध-दुभते हिंदुस्थानने बाहेरच ठेवले. आपल्या भाऊबंदांचा तो निर्णय आम्हांला योग्य वाटतो. पण मग तोच न्याय आपल्या साखरेला लावला तर? १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या भारत-मॉरिशस करारात आपल्या खास साखरेला मर्यादित सवलत मिळाली आहे, आणि महाराष्ट्र तर साखरेचेच माहेरघर. तेथील ऊसवाल्याने आपल्या साखरेकडे बोट दाखवून कुंपण मागितले, तर त्याला आपण कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? विकताना मोकळे दार आणि घेताना कुंपण, ही इच्छा मोठ्या-लहान सर्वांचीच असते. मोठ्यांना ती पुरी करून घेता येते एवढाच फरक.

लोमेला ४६ देश एकत्र बसले होते म्हणून काहीतरी पदरात पडले. त्यानंतर युरोपने त्यांची प्रदेशवार शकले करून एकेकाशी वेगळी बोलणी केली, आणि फिजी काय मागत आहे हे आपल्याला व आपण काय मागत आहोत हे फिजीला धड कळले नाही. आता आफ्रिका खंडाच्या मुक्त व्यापार क्षेत्रात आपण आहोत. १ जानेवारी २०२१ पासून त्याखाली व्यापार सुरू झाला आहे. पूर्व व दक्षिण आफ्रिकेच्या बाजारसंघात तर आपण आधीपासूनच आहोत. सरकारे सह्या करतात, वर्तमानपत्रांत हस्तांदोलनाची चित्रे येतात, आणि कोणत्या मालाची जकात कोणत्या वर्षी शून्य होणार याची याद्यांवर याद्या असलेली पाने मात्र कोणी वाचत नाही. मार्शल यांनी लक्झेंबर्गला भांडण केले ते याच पानांवर, टनांवर आणि वर्षांवर.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. अशा प्रत्येक कराराची यादी सहीपूर्वी बागाइतदारांच्या सहकारी संस्थांत, कामगार संघटनांत आणि आपल्या मंडळांत क्रिओल व मराठीतून वाचली जावी, आणि प्रत्येक सवलतीपुढे ती कोणत्या साली संपते किंवा पुन्हा तपासली जाते हे ठळक अक्षरांत लिहिलेले असावे. मेदीनच्या कामगारांपैकी किती जणांना २००७ मध्येच ठाऊक होते की युरोपने नोटीस दिली आहे, हे ज्यांच्या घरी असा कामगार आहे त्यांनी एकदा विचारून पाहावे.